सक्तमजुरी संपल्यावर

सक्तमजुरी. दोस्तांनो, हा शब्द एकदा नीट बघा. न्यायाधीश निकाल वाचतो, आरोपीला सात वर्षं सक्तमजुरी. म्हणजे त्याला मजुरी करावी लागंल आणि ती सक्तीनं. खून, दरोडा, बलात्कार असल्या गुन्ह्यांना ही शिक्षा. आता मी माझ्या हाताकडं बघतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत कापड रंगवणाऱ्या गिरणीत मी जिगर मशीनवर बारा-बारा तास उभा असतो. नखांत रंग, नाकात ॲसिटिक ॲसिडचा वास. मी कुणाचा खून केला नाही. माझ्या बापानं केला नाही, आज्यानं केला नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वाट्याला आली ती मजुरी कुठल्या कलमाखाली?

ह्या प्रश्नातून दुसरा प्रश्न निघतो आणि ह्या लेखात मला तोच धरायचा आहे. जेलातून सुटून आलेल्या माणसाबद्दल आपण सगळेच म्हणतो, त्याला काहीतरी काम द्या, म्हणजे सुधारंल. ज्या कामाला आत शिक्षा म्हणतात, तेच काम फाटकाच्या बाहेर आल्यावर औषध कसं होतं? आणि ते औषध कुठलं, किती, कधी, हे ठरवणार कोण?

मी जांभूळचा. इकडं बदलापूर, तिकडं अंबरनाथ-उल्हासनगर. बारवी धरणाचं पाणी आमच्याकडं एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढं कारखान्यांना, शहरांना जातं. पाण्यात काय मिसळलंय ते मोजता येतं, म्हणून ते काढताही येतं. सरकारला माणसाचंही तसंच वाटतं. तुरुंग खात्याच्या नावात आता 'सुधारसेवा' आहे. म्हणजे माणूस गढूळ आत जाणार आणि गाळून बाहेर येणार. पण बाहेर आल्यावर त्याला कोण गाळलेलं पाणी मानतं? लोक त्याला बाटलेलं पाणी मानतात. भाड्यानं खोली मिळत नाही, सोयरीक जुळत नाही, पंगतीत शेजारी कुणी बसत नाही. विटाळ आपल्याला नवा नाही. तो कसा चालतो हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

तरी एक फरक पहिल्यांदाच सांगतो, नाहीतर कुणीतरी मला धरंल. आम्ही अस्पृश्य होतो ते काहीही न करता. गुन्हेगारानं काहीतरी केलेलं असतं. हा फरक मोठा आहे आणि मी तो पुसणार नाही. पण आधी बघा, सुटून येतो तो कोण. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा शाबीतच झालेला नाही. कल्याणच्या आधारवाडीतून, ठाण्याच्या, तळोज्याच्या जेलातून सुटलेला माणूस लोकल धरून आमच्या पट्ट्यात उतरतो, तेव्हा त्याच्या कपाळावर जे लिहिलंय ते कोर्टानं लिहिलंय की आपण?

कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नसतं. ऐकायला बरं वाटतं. पण काम नाही म्हणजे मजुरी नाही, हातात कला नाही. नुसतं बसून राहायचं. गेल व्हाइटफोर्ड नावाच्या बाईंनी १९९७ साली न्यूझीलंडच्या एका तुरुंगातल्या माणसांचा अभ्यास करून लिहिलं. माणसापासून त्याचं करणं-धरणंच काढून घेतलं की त्याचं काय होतं, हा त्यांचा विषय. वेळ अंगावर येतो. दिवस कशानं सुरू होतो, कशानं संपतो, ह्याची खूणच राहत नाही. बाई आहेत व्यवसायोपचार शास्त्राच्या. हा शब्द आपल्यात फारसा कुणी ऐकलेला नसतो. ऐकला तर सरकारी इस्पितळाच्या पाटीवर, लकवा झालेल्या म्हाताऱ्याला घेऊन गेल्यावर.

हे शास्त्र आपल्याकडं आणलं ते कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या. १९५० साली त्यांनी मुंबईत केईएम इस्पितळात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. अमेरिकेत ह्या मंडळींची पहिली संस्था १९१७ साली स्थापन झाली. ती ज्याच्या घरी स्थापन झाली तो जॉर्ज बार्टन स्वतःच रोगी होता. क्षयानं पोखरलेला, डावी बाजू लुळी. बागेत खुरपं धरून, सुतारकाम करून तो सावरला, आणि त्यातून त्याला वाटलं की माणूस करता-करता बरा होतो. पुढं पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आले आणि शास्त्र वाढलं.

दोस्तांनो, 'करता-करता माणूस बरा होतो' हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. चांगलं वाटलं म्हणून नव्हे. हे वाक्य आपण दुसऱ्या तोंडून ऐकलेलं आहे म्हणून.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार! मग त्या जमातींना 'सुधारायला' सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि सुधारणा कशानं? कामानं. त्या माणसांना, बायकांना सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला लावलं. गिरणीला हात मिळाले, सरकारला सुधारणा मिळाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. सोलापुरात त्या वस्तीला 'सेटलमेंट' म्हणणं काही गेलं नाही. मी गिरणीतला माणूस. ज्या खात्यात मी पोटासाठी उभा राहतो, तसल्याच खात्यात एकेकाळी माणसांना औषध म्हणून उभं केलं होतं. मशीन तेच, सूत तेच.

दुसरं चित्र येरवड्याचं. गांधीजी तिथं सूत कातत. पेटीत मावणाऱ्या घडीच्या चरख्याला त्या तुरुंगाचंच नाव लागलं, येरवडा चरखा. त्यांना त्या कामानं शांती मिळाली असंल, मी नाही म्हणत नाही. पण ते काम त्यांनी स्वतः निवडलं होतं. त्याच येरवड्यात २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला आणि आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले. श्रम पवित्र आहे असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तो असतो, ज्याला नको वाटलं तर चरखा खाली ठेवता येतो. ज्याला ठेवता येत नाही तो श्रमाला पवित्र म्हणत नाही. तो घाम पुसतो आणि घड्याळ बघतो.

आणि तिसरं चित्र तर परवाचं. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. स्वातंत्र्याला पंच्याहत्तरच्या वर वर्षं झाली तरी कितीतरी राज्यांच्या तुरुंगाच्या नियमावलीत जातीवर काम वाटायची सोय होती. उत्तर प्रदेशच्या नियमात होतं की साध्या कैदेतल्या माणसाला हलकं काम सांगू नये, पण ज्यांच्या समाजाला तसल्या कामाची सवय आहे त्यांना सांगावं. पश्चिम बंगालच्या नियमात झाडूवाला कुठल्या जातीचा असावा हे नावानिशी लिहिलेलं होतं. न्यायालयानं हे घटनेविरुद्ध ठरवलं, कलम १७ चा, कलम २३ चा आधार घेतला, आणि कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. जात ही कामांची वाटणी आहे असं सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच उत्तर दिलं होतं, की इथं माणसंच कप्प्यांत घालून एकावर एक रचलेली आहेत. तुरुंगाच्या भिंतीआड तो कप्पा सरकारी शाईनं लिहिलेला होता.

आता सांगा, ज्या देशात कामाचा असा इतिहास आहे तिथं 'कामानं माणूस सुधारतो' हे वाक्य सरळ कसं वाचायचं?

मी ह्या शास्त्रावर फुली मारून मोकळा झालो असतो. पण आमच्या वस्तीत एक जण आला आणि मला थांबून विचार करावा लागला.

तो कच्चा कैदी म्हणून पाच वर्षं आत होता. नोटबंदीच्या आधी गेला, केस सुटून बाहेर आला तेव्हा खिशातली जुनी पाचशेची नोट कागद झालेली. वडापाववाल्याला सुटे पैसे द्यायला लागला तर तो म्हणाला, दादा, स्कॅन करा. ह्याला स्कॅन म्हणजे काय ते ठाऊक नाही. बराकीत रात्रभर दिवा जळतो, म्हणून घरी अंधारात झोप येईना. दाराशी जाऊन उभा राहायचा, कुणीतरी उघडंल म्हणून. कडी ह्याच्याच बाजूला. बाजारात पाठवला तर भेंडी घ्यावी की गवार ह्यावर घाम फुटायचा. पाच वर्षांत ताटात पडंल ते खाल्लेलं, काय हवं हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याची आय माझ्या आयला म्हणाली, "पोरगं आलंय, पन अजून पोचलं न्हाई गं."

आम्ही काय केलं? काम बघायला लागलो. एका कंत्राटदाराकडं गेलो. पोलीस व्हेरिफिकेशन आणा म्हणाला. केस सुटलेली, निकालाची प्रत हातात, तरी व्हेरिफिकेशन. दुसरा म्हणाला, आहे काम. कारखान्याच्या संडासाची टाकी तुंबलीय, उतरायचं. हातमोजे नाहीत, मुखवटा नाही, काही नाही. सेप्टिक टाकीत असा माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण त्याचं बोलणं ऐका: "आतनं आलेल्याला आनि तुमच्यातल्याला ह्याच्यापेक्षा काय मिळनार?"

तो नाही म्हणाला. मान वर करून नाही म्हणाला आणि वळून चालायला लागला. वस्तीत बोभाटा झाला. काम देत होते तरी नको म्हणतोय, म्हणजे सुधारला नाही. आपलीच माणसं असं म्हणत होती.

मला मात्र वाटलं, बाहेर आल्यापासून त्यानं स्वतः घेतलेला हा पहिला निर्णय. भेंडी की गवार हे ठरवता न येणारा माणूस टाकीत उतरणार नाही हे ठरवू शकला. दलित साहित्यात आपण नकार, नकार म्हणून इतकं लिहिलं. मग हा नकार आपल्याला ओळखता का आला नाही? बरं होण्याची सुरुवात होकारानंच होते असं कुणी सांगितलं?

आणि इथं मी त्या शास्त्राकडं परत वळलो. फोनवर जेवढं मिळालं तेवढं वाचलं. मला दिसलं की चांगला व्यवसायोपचारवाला काम 'देत' नाही. तो आधी विचारतो. कॅनडातल्या ह्या लोकांनी एक रीत बसवलीय. माणसालाच विचारायचं की रोजच्या जगण्यात तुला काय करायचंय आणि काय जमत नाही. त्यातलं कुठलं किती महत्त्वाचं, त्याला एक ते दहा गुण त्यानंच द्यायचे. किती जमतं, किती समाधान वाटतं, ह्यालाही गुण त्यानंच द्यायचे. मग कामाचे तुकडे करायचे. बाजार म्हणजे एक काम नव्हे. घरातून निघणं, रिक्षात बसणं, भाव विचारणं, निवडणं, पैसे देणं, परत येणं. आज रिक्षापर्यंत, उद्या भावापर्यंत. ह्यांच्या लेखी 'व्यवसाय' म्हणजे नुसता पगाराचा धंदा नाही. झोपणं, अंघोळ, पोराला शाळेत सोडणं, सणाला पाहुण्याकडं जाणं, सगळं त्यात येतं. जेलानं काय काढून घेतलं त्याची ही पुरी यादीच झाली!

त्यांच्यातल्याच काहींनी पुढचं पाऊल टाकलं. २००५ साली क्रोनेनबर्ग आणि पोलार्ड ह्यांनी एक शब्द वापरला, त्याचा अर्थ सांगायचा तर 'व्यवसायातला वर्णभेद'. काही माणसांना चांगलं, अर्थाचं काम मिळूच नये अशी व्यवस्था समाज करतो आणि मग त्यांनाच आजारी म्हणतो, हे त्यांचं म्हणणं. हे परदेशातल्या पांढऱ्या डगल्यातल्या लोकांना कळलं. आपल्याकडं हे कळायला शास्त्र लागत नाही, गावकुसाबाहेर जन्म पुरतो. पण त्यांनी ते आपल्या शास्त्राच्या पुस्तकात लिहिलं, ह्याला किंमत आहे.

म्हणजे फरक सापडला. विचारून दिलेलं काम आणि नेमून दिलेलं काम. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम नेमलेलं होतं. तुरुंगाच्या नियमावलीत नेमलेलं होतं. टाकीही नेमलेलीच होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'सामुदायिक सेवा' ही नवी शिक्षा आलीय, किरकोळ चोरीला, दारू पिऊन दंगा करण्याला. बिनमोबदला काम. जेलापेक्षा बरी, मान्य. पण उद्या कोर्ट कुणाला शिक्षा म्हणून रस्ता झाडायला लावंल, तेव्हा तोच रस्ता रोज पोटासाठी झाडणारी आमची बहीण शेजारून जाताना काय समजंल? आपण कुठल्या गुन्ह्याची शिक्षा भोगतोय?

आता अवघड भाग. तो टाळला तर लेख खोटा होईल.

आतापर्यंत मी निर्दोष सुटलेल्याबद्दल बोललो. दोषी माणसाचं काय? आणि तो दोष आपल्याविरुद्ध असंल तर? २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. सहा जणांना फाशी झाली, २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. अट्रॉसिटीचं कलम लागलंच नाही. उद्या असला एखादा माणूस शिक्षा भोगून बाहेर आला आणि माझ्या खात्यात, माझ्या शेजारच्या जिगरवर उभा राहिला तर? मी त्याला डब्यातली भाकरी देऊ?

रात्रपाळीला मी ह्याच्यावर पुष्कळ विचार केला. कारण इथं नुसतं 'माणुसकी' म्हणून भागत नाही. आपल्याकडं सुटून येणारे दोन प्रकारचे आहेत. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरातेत बिल्किस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपेचे कैदी मुदतीआधी सोडले. फाटकाबाहेर त्यांना हार घातले, पेढे भरवले. त्यांना कुणी व्हेरिफिकेशन मागितलं नाही. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती सूट रद्द केली तेव्हा ते परत आत गेले. म्हणजे समाजात परत यायला काय लागतं हे समाजाला ठाऊक आहे. मान लागतो, माणसं लागतात, स्वागत लागतं. फक्त ते कुणाला द्यायचं हे जात-धर्म बघून ठरतं.

माझं उत्तर असं आहे. काम वेगळं आणि माफी वेगळी. आपण दोन्हीची गाठ मारतो म्हणून गुंता होतो. माफी ज्याचं नुकसान झालं त्याची आहे. ती मी भोतमांग्यांच्या वतीनं देऊ शकत नाही, सरकार देऊ शकत नाही, कुठला साधुसंत देऊ शकत नाही. पण काम ही माफी नव्हे. शिक्षा संपली त्या माणसाला पोट आहे, हात आहेत, आणि तो रिकामा भटकावा ह्यात मेलेल्यांना काही मिळत नाही. तो माझ्या शेजारी उभा राहील. मी त्याला भाकरी देईन की नाही ते माझं मन ठरवंल. पण मुकादमानं त्याला फाटकाबाहेर काढलं तर मी मुकादमाच्या बाजूनं बोलणार नाही. कारण आज त्याला लावलेली काठी उद्या माझ्यावर यायला वेळ लागत नाही. ती काठी घडवलीच आमच्यासाठी होती.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्तमजुरीच्या कैद्यालाही रास्त मजुरी द्यावी लागंल, आणि त्यातला काही भाग ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी बाजूला काढावा. मला हा विचार पटतो. काम करणारा तोच, मजुरी त्याचीच, आणि त्यातूनच देण्याघेण्याचा हिशोब. इथं काम शिक्षाही राहत नाही आणि औषधही होत नाही. माणसाला देणं फेडता येईल असं ते साधन होतं. ज्याला मजुरीच नाही तो काय फेडणार?

मग करायचं काय? सगळीकडं अंधार आहे असं नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० साली सुरू झाला. सुटलेल्या माणसाला काही महिने एखाद्या संस्थेत शिकाऊ म्हणून ठेवायचं, विद्यावेतन द्यायचं, सवय लागू द्यायची आणि मग बाहेर काम, अशी त्यांची एक रीत. बरोबर रीत आहे, कारण तिच्यात वेळ आहे. पण एका संस्थेनं किती जणांना पुरावं? आणि कायदा? इंग्लंडात १९७४ सालापासून कायदा आहे, ठरावीक काळ सरळ वागलं की कितीतरी जुन्या शिक्षा सांगायचं बंधन राहत नाही. आपल्याकडं १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं सुटलेल्याला आणि अल्पवयीन पोरांना तेवढी सूट. बाकीच्यांच्या गळ्यात पाटी कायम.

कायदा बदलायला वेळ लागंल, तोवर वस्ती आपली आहे. आपल्या विहारात जयंतीच्या वर्गणीची यादी होते, मंडपाची होते. जेलातून आलेल्यांची होते का? त्याच्याबरोबर आधार कार्डाच्या रांगेत कोण उभा राहणार, बँकेत कोण जाणार, लोकलचं तिकीट मशीनवर कसं काढायचं ते कोण दाखवणार, ह्याची वाटणी झालीय का? युनियनमधले दोस्त कंत्राटदाराला विचारतात का, निर्दोष सुटलेल्याचं व्हेरिफिकेशन कशाला? आणि सगळ्यात आधी, त्याला कुणी विचारलंय का, तुला काय करावंसं वाटतं?

टाकीला नाही म्हणालेला तो माणूस आता बदलापूरला एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. दोनशे-अडीचशे सुटतात. ते त्यानं स्वतः शोधलं, आमच्यापैकी कुणी नाही.

खैरलांजीबद्दल मी लिहिलं त्यावर पुष्कळांना राग येईल. येऊ दे. पुढच्या अंकात लिहा, सही करून लिहा. मला समजावून सांगा की शिक्षा संपलेल्या माणसाचं पोट कुणाच्या हातात ठेवायचं, आणि ते हात उद्या आपल्या पोटावर येणार नाहीत ह्याची हमी कोण देणार.